जरीपटका ते सदर, मधात बार नको

भाऊंना पत्ता सांगता येत नसे. म्हणजे येत असे, आणि अगदी बिनचूक येत असे, पण नागपुरातलं कुठलंही ठिकाण सांगताना ते बार, वाइन शॉप आणि देशीची दुकानं एवढ्याच खुणा वापरत. एकदा कंपनीच्या बसमध्ये पॅकिंगच्या एका बाईंनी त्यांना डोळ्यांचा चांगला डॉक्टर विचारला. भाऊ म्हणाले, "निळ्या काचेच्या बारपासून उजवीकडं वळजो बाई. पुढं वाइन शॉप लागन, तिथं थांबायचं नाही. मंग देशीचं दुकान दिसन, त्याच्या वरच्या माळ्यावर डॉक्टर." बाईंनी विचारलं, "भाऊ, एखाद्या देवळाबिवळाची खूण नाही का?" भाऊंनी डोळे मिटून मनापासून आठवलं. मग म्हणाले, "देऊळ असन बाई. मी तिकडं पाह्यलंच नाही कधी."

गंमत अशी की तेव्हा भाऊंनी दारू सोडून अकरा वर्षं होत आली होती. पण त्याआधीची वीस वर्षं ते इतक्या निष्ठेनं प्यायले होते की सगळं शहर त्यांच्या डोक्यात तेवढ्याच खुणांनी बसलं होतं. उड्डाणपूल आले, मेट्रो आली, अर्धं नागपूर खणून पुन्हा बुजवलं, भाऊंचा नकाशा काही हलला नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, मीटिंगमध्ये आडनाव, जात, हुद्दा विचारायचा नाही आणि आत ऐकलेलं नाव बाहेर न्यायचं नाही, असा दंडक आहे. हिंगण्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला फिटर होते, मी डिस्पॅचला होतो, आणि सगळी कंपनी त्यांना भाऊ म्हणायची, एवढं पुरे. घराणं उमरेडच्या विणकरांचं. वडिलांचा माग होता. भाऊंच्या हातात माग आला नाही, पाना आला, पण बोटं विणकराचीच राहिली. समोर बसलेल्या माणसाच्या शर्टाचा सुटलेला दोरा दिसला की बोलता बोलता ते त्याला गाठ मारून टाकत. माणसाला पत्ताही लागत नसे.

दारू सोडली तरी चखणा त्यांनी सोडला नव्हता. खिशात कायम एक छोटा स्टीलचा डबा, त्यात फुटाणे, शेव, बारीक चिरलेला कांदा आणि वरून लिंबू. कोणी हसलं की म्हणायचे, "दारूनं माझं वाटोळं केलं, मान्य. चखण्यानं काय घोडं मारलं?" चहा मोठ्या स्टीलच्या ग्लासात घ्यायचे आणि पहिला घोट घेण्याआधी बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवायचे, अस्सल पिणाऱ्यासारखे. मग समोरच्याच्या कपाला ग्लास भिडवायचे. कँटीनमध्ये नवीन आलेले अधिकारी हे पाहून बावचळत आणि हळूच ग्लासाचा वास घेऊन जात.

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "उद्या पिऊ." रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ते हे वाक्य म्हणत असत. मी एकदा विचारलं, हे कसलं सोडणं? तर म्हणाले, "मी सोडली कुठी गा? उद्यावर ढकलली. जन्मभर पिणार नाही म्हणलं तर छातीत धडकी भरते. उद्या पिऊ म्हणलं की ते गप बसते. सकाळी पुन्हा येते, मी पुन्हा म्हणतो, उद्या. अकरा वर्षांपासून फसवून राहिलो, त्याले अजून समजलं नाही." भाऊ 'ते' असं म्हणायचे, जणू दारू म्हणजे घरातलं एखादं हट्टी पोर.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय भाऊ पुरते कळायचे नाहीत. मी पीत होतो, आणि भाऊंसारखा निष्ठेनं नाही, लपूनछपून पीत होतो, जे जास्त वाईट. डिस्पॅचचा ट्रक मी एकदा चुकीच्या राज्यात पाठवला, तेव्हा कंपनीनं ताकिदीचं शेवटचं पत्र दिलं. त्याच आठवड्यात बायको मुलीला घेऊन उमरेडला माहेरी गेली. ती भांडली नाही. कपडे घड्या घालून बॅगेत भरले आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या कंपनीतले भाऊ ज्या मीटिंगले जाते, तिथं चार रविवार लागोपाठ बसून दाखवा. चौथ्या रविवारी मी स्वतः तिथं येऊन पाहीन. बसलेले दिसले तर तुमच्यासंगं घरी येईन. नाही दिसले तर उमरेडची बस मले माहीत आहे." महिन्याभराची मुदत होती आणि माझा स्वतःवर चार तासांचाही भरवसा नव्हता.

मी बसमध्ये भाऊंच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी कारण विचारलं नाही. फुटाण्यांचा डबा पुढे केला आणि म्हणाले, "रविवारी पाचला सदरले ये. लिहून घे." मी लिहून घेतलं. माझ्या घरून, जरीपटक्यातून निघायचं, लाल पाटीचा बार लागेल, तिथून सरळ. मग देशीचं दुकान, तिथून डावीकडे. मग चौकात कोपऱ्यावर फॅमिली रेस्टॉरंट आणि बार, त्याच्या मागच्या गल्लीत शाळा, शाळेच्या मागच्या खोलीत मीटिंग.

मी पत्त्याप्रमाणे निघालो. पहिली खूण बरोबर सापडली, हुरूप आला. दुसरी सापडली. तिसरी इतकी नेमकी सापडली की खात्री करून घ्यायला मी आत गेलो.

सोमवारी बसमध्ये भाऊंनी विचारलं, "कुठवर आलता?"

"तिसऱ्या खुणेपर्यंत."

भाऊंचा हात डब्यातच राहिला. मी चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "अरे बाप्पा. हे तर मी तुले पार्टीचं आमंत्रण देलं गा." अकरा वर्षांत त्यांनी कितीतरी माणसांना हाच पत्ता दिला होता. त्यातली बरीचशी कधी पोचलीच नव्हती, आणि भाऊ समजत होते की त्यांची इच्छाच नव्हती. हे लक्षात आल्यावर ते खिडकीकडे तोंड करून बसले.

कंपनीच्या गेटवर उतरताना मी म्हणालो, माझा रविवार तर गेला, आता बायकोला काय सांगू? भाऊंनी माझ्या बाहीचा एक दोरा धरला. "खरं सांग तिले. मागावर धागा तुटला तर माणूस माग जाळते का? गाठ मारते अन पुढं विणते. चार रविवार आता पुढच्यापासून धर. रस्ता मी काढतो." मी बायकोला खरं सांगितलं. फोनवर ती म्हणाली, "पुढच्यापासून. पण पुन्हा पुढच्यापासून नाही."

त्या आठवड्यात आमची पहिली पाळी होती, तीनला सुटायची. रोज सुटल्यावर भाऊंच्या जुन्या स्कूटरवर दोघं डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळून जरीपटका ते सदर असा रस्ता शोधत फिरायचो, ज्यात एकही बार लागणार नाही. हे काम किती अवघड आहे ते नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. भाऊ पानठेल्यावर थांबून विचारत, "सदरले जायचं आहे, पण मधात बार नको." पानवाला अर्धंच ऐकायचा आणि सांगायचा, "हा काय समोर. अन याच्यात गर्दी असन तर मागं दुसरा आहे." एका सज्जन माणसानं तर आमची कीव येऊन आम्हाला बारच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.

पण त्या चार दिवसांत भाऊंना एक वेगळाच आनंद झाला. त्यांना शहर सापडलं. गल्लीबोळांतून स्कूटर घालताना ते एकदम ब्रेक मारत आणि मी त्यांच्या पाठीवर आपटत असे. "इथं वाचनालय आहे गा. केव्हा झालं?" ते निदान पन्नास वर्षं जुनं दिसत होतं. एक देऊळ दिसलं, तिथं उतरून पाया पडले. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान दिसलं, तिथंही उतरले. गुरांच्या दवाखान्यासमोर एक म्हैस इंजेक्शनच्या रांगेत उभी होती, तिच्याकडे पाहत आम्ही दहा मिनिटं थांबलो. छप्पन वर्षांचा माणूस स्वतःच्या गावात पाव्हण्यासारखा फिरत होता आणि मला सारखं हसू येत होतं. कितीतरी महिन्यांनी न पिता हसलो होतो, हे मला घरी गेल्यावर कळलं.

रस्ता निघाला. पिठाची चक्की, वाचनालय, गुरांचा दवाखाना, झाडांची नर्सरी, शाळेची भिंत. सरळ गेलं तर दहा मिनिटं, या रस्त्यानं पाऊण तास. फक्त तो शेवटचा चौक काही चुकेना. सगळ्या गल्ल्या फिरून फिरून त्या फॅमिली रेस्टॉरंटपाशीच येत होत्या. "फॅमिली म्हणतेत," भाऊ पाटीकडे पाहून पुटपुटले, "मले इथं कोणाची फॅमिली दिसली नाही कधी. घरी बसून रडतानाच दिसली."

मग त्यांनी मला त्यांचं शेवटचं औषध सांगितलं. "तिथून जाताना मोठ्यानं सतराचा पाढा म्हण. दोनाचा, पाचाचा नाही चालत, ते झोपेत येतेत. सतराचा म्हणताना माणसाले दुसरं काही सुचतच नाही." मी म्हणून पाहिला, सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत आलो आणि अडलो. भाऊ खूश झाले. "मीही तिथंच अटकतो. पण तोवर चौक मागं जाते. त्याच्यापुढचा पाढा लागतच नाही."

रविवारी आम्ही त्या रस्त्यानं गेलो. चौकात दोन मोठी माणसं स्कूटरवरून सतरा पंचे पंच्याऐंशी ओरडत चालली आहेत हे पाहून ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी तोंडातून काढली. शाळेच्या फाटकाशी भाऊ म्हणाले, "आत आपल्या पायानं जाय. मी स्कूटर लावून येतो."

मी आत गेलो. उजव्या हाताला मोठ्या खोलीत माणसं बसलेली होती, एकेक जण उभा राहून आपली ओळख सांगत होता. भाऊंनी मला सांगितलंच होतं की तिथं उभं राहून आधी नाव सांगायचं आणि मग स्वतःबद्दल खरं काय ते बोलायचं. उशीर केला तर पळून जाईन, असं वाटून मी तसाच पुढे गेलो, माइक हातात घेतला, नाव सांगितलं आणि म्हणालो, "मी दारुडा आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या मनात आलं, बायकासुद्धा आहेत, नटूनथटून आल्या आहेत, बरं आहे. पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या टोपीचे म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "खरं तर बोलते बाप्पा. बाकीचे पितेत अन सांगत नाही." मागून एका मावशींनी विचारलं, "नोकरी पक्की आहे का?" मी म्हणालो, शेवटचं पत्र मिळालं आहे. "अन हे पहिलंच लग्न का?" मी म्हणालो, पहिलंच, बायको माहेरी गेली आहे. त्याबरोबर जो गोंधळ उठला त्यात माझी नजर फळ्यावर गेली. फळ्यावर रंगीत खडूनं वधू-वर परिचय मेळावा असं लिहिलं होतं आणि खाली फुलं काढली होती.

भाऊ धावत आले आणि माझ्या दंडाला धरून त्यांनी मला बाहेर काढलं. निघताना त्या मावशींना हात जोडून म्हणाले, "बाई, हा स्थळ नाही. हा पेशंट आहे." मागच्या खोलीत आमची आठ-दहा माणसं बसली होती. मधली भिंत पातळ होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी आत आलो तर ती सगळी उभी राहून टाळ्या वाजवत होती. एक रिटायर्ड मास्तर डोळे पुसत म्हणाले, "आम्ही आमच्यात बोलायला थरथरतो, तू तर मुलींच्या बापांसमोर बोलला." मी खुर्चीत बसलो आणि हसता हसता रडलो. तो माझा पहिला रविवार.

दुसरा आणि तिसरा रविवार मी माझ्या मोटरसायकलवर, लांबच्या रस्त्यानं, एकटा गेलो. म्हैस दिसली नाही, पण मी दोन्ही वेळा तिथं थांबलो. चौकात पाढा म्हटला आणि पोचलो.

चौथा रविवार उजाडला. त्याच दिवशी भाऊंची अकरा वर्षं पुरी होत होती. आमच्याकडे त्याला वाढदिवस म्हणतात आणि केक कापतात. भाऊ केक घेऊन परस्पर येणार होते, बायको उमरेडहून मुलीला घेऊन थेट शाळेच्या फाटकाशी येणार होती. मी शर्टाला इस्त्री करत होतो. साडेचारला फोन वाजला.

"कुठी आहेस गा?"

"घरी. निघूनच राहिलो. तुम्ही कुठी आहा, भाऊ?"

"चौकात." मागं गाड्यांचे आवाज येत होते. "बेकरी त्या फॅमिली रेस्टॉरंटच्या बाजूलेच आहे ना. केक घेतला. बाहेर आलो तं आतून भज्यांचा वास आला. अन पाय उचलून नाही राहिले."

भाऊंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "पाढा म्हणा."

"म्हणलो. सात वेळा म्हणलो. चालता माणूस असन तर सतरा सात्यापर्यंत चौक मागं जाते. मी उभा आहो गा. मले पुढचा पाढाच येत नाही." मग अगदी हळू म्हणाले, "अकरा वर्षं त्याले उद्या म्हणलो. आज ते म्हणून राहिलं, भाऊ, उद्या आला."

ज्याच्या हाताला धरून मी तीन रविवार चाललो होतो तोच माणूस पडत होता, आणि त्याच चौकात, जिथं मी पडलो होतो. मी म्हणालो, "तिथंच थांबा, भाऊ. मी येऊन राहिलो. तोवर सतरा आठे किती ते काढून ठेवा." आणि इस्त्री बंद केली की नाही ते न पाहता मोटरसायकलला लाथ मारली.

दहा मिनिटांत मी चौकात होतो. भाऊ बारच्या पायरीसमोर उभे होते, छातीशी केकचा खोका, डोक्याला ओला दुपट्टा, ओठ हलत होते. मी गाडी त्यांच्या आणि त्या दाराच्या मधोमध आणून लावली. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पाऊण तासाच्या रस्त्यानं दहा मिनिटांत कसा आला?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी लांबच्या रस्त्यानं आलोच नव्हतो. भाऊंच्या चिठ्ठीतल्या पत्त्यानं आलो होतो. लाल पाटीचा बार आणि देशीचं दुकान दोन्ही लागले असणार, कारण ते तिथंच आहेत, पण मला एकही दिसला नव्हता. "तुमच्या पत्त्यानं आलो," मी म्हणालो.

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या तोंडाचा ताण सुटला आणि ते हसायला लागले, इतके की केकचा खोका मला धरावा लागला. "म्हणजे पत्ता बरोबर होता तं," ते म्हणाले. त्यांनी माझ्या बाहीला हात घातला, एक सुटलेला दोरा शोधला आणि भर चौकात उभं राहून त्याला गाठ मारली. मग त्यांचे पाय उचलले.

आम्ही गाडी तिथंच ठेवून पायी निघालो. गल्लीभर भाऊ पुटपुटत होते, एकशे एकोणीस अन सतरा, एकशे एकोणीस अन सतरा, आणि जमेना. मलाही जमेना, कारण मी रडत होतो आणि हसतही होतो.

फाटकाशी बायको उभी होती, मुलीचा हात धरून. खांद्याला बॅग होती. पाच वाजत आले होते आणि ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, बसस्टॉपच्या दिशेनं बघत होती. आम्ही मागून आलो. तिनं वळून आधी माझं तोंड पाहिलं, मग जवळ येऊन सरळ वास घेतला. मी उभा राहिलो. तिनं पुन्हा एकदा घेतला आणि बॅग खांद्यावरून उतरवून माझ्या हातात दिली.

भाऊंनी तिला नमस्कार केला आणि फार गंभीरपणे विचारलं, "बाई, सतरा आठे किती वं?"

"एकशे छत्तीस," ती म्हणाली. "काहून?"

"काही नाही," भाऊ म्हणाले. "इतकंच पाह्यजे होतं." त्यांनी खोका मुलीच्या हातात दिला आणि आत जाता जाता, रोज आरशासमोर म्हणत तसं, स्वतःशीच म्हणाले, "चला. उद्या पिऊ."

बायको दारातच थबकली. मी म्हणालो, "घाबरू नको. भाऊ अकरा वर्षांपासून हेच म्हणून राहिले."